भरपाईवाल्यांचा हिस्सा

चष्मेवाल्यांच्या पुढच्या खोलीचं छत पडलं तेव्हा घरात कोणीही नव्हतं. ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईने "कोणी जखमी?" असं विचारलं आणि "नाही" म्हणताना चष्मेवाल्यांना उगाचच ओशाळल्यासारखं झालं. "काही मौल्यवान?" या पुढच्या प्रश्नालाही "तसं नाही" असंच म्हणावं लागलं. त्यावर ती बाई नुसतं "बरं" म्हणाली, आणि त्या "बरं"मध्ये चष्मेवाल्यांना आपल्या सगळ्या संसाराचा अपमान ऐकू आला.

झालं होतं ते एवढंच की वरच्या खोलीतला पाण्याचा पाइप भिंतीच्या आतल्या आत फुटला, पाणी गुपचूप मुरत राहिलं, आणि नवराबायको मेहुणीकडे गेलेले असताना छताचा एक भलामोठा तुकडा खाली आला. आला तो नेमका खिडकीजवळ, बायकोच्या शिलाई मशीनवर. पायाने चालवायची जुनी मशीन, तिच्या आईने दिलेली. चाक वाकडं झालं, लाकडी फळी फुगून दुभंगली आणि सगळ्यावर प्लास्टरचा ओला चिखल बसला.

बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग चपला काढता काढता म्हणाली, "अहो, छताचं काय करायचं ते तुम्ही करा. मला बाकी काही नको. मला माझी मशीन पाहिजे."

"मिळेल की!" चष्मेवाले म्हणाले. चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर लोकांना "दिसेल की!" म्हणत आलेला माणूस, त्याच सुरात बोलला.

कंपनीचा सर्व्हेअर आला तो बूट न काढता. फोनने चार फोटो काढले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "एवढंच सामान?" मग मशीनला बुटाच्या टोकाने हलवून बघितलं. "ही भंगारात धरू." आणि गेला. आठवड्याने उत्तर आलं, त्यात प्लास्टरच्या एका कोपऱ्यापुरती भरपाई होती आणि मशीनसाठी काहीच नव्हतं. बायकोने ते वाचलं, घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेली. चष्मेवाल्यांच्या मनात मात्र भरपाईचा आकडा राहिला नाही. "एवढंच सामान?" हे दोन शब्द दुकानात, जेवताना, दात घासताना कानात वाजत राहिले.

सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते. एकाने सांगितलं, अजून थोडं पाणी सोडा म्हणजे उरलेलं छतही पडेल आणि दावा भरभक्कम होईल. दुसरा म्हणाला, डोक्याला पट्टी बांधून पुन्हा फोन करा. शेजारचे कॅशियरकाका बँकेतून निवृत्त झाले होते, पण बोट ओलं करायची सवय गेली नव्हती. ते दार उघडण्याआधीसुद्धा बोट ओलं करत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"चष्मेवाले, कंपनीचा माणूस कंपनीचा. तुमचा माणूस कोण?"

"माझा? मीच."

"तिथेच चुकताय. एक भरपाईवाले आहेत. घरमालकाच्या बाजूने कंपनीशी बोलतात. आधी काही घेत नाहीत. जे मिळवून देतील त्यातला हिस्सा."

"किती हिस्सा?"

"ते त्यांचं ते ठरवतात. माझ्या साडूचं काम त्यांनीच केलं. साडू हल्ली फारसा बोलत नाही, पण घर झकास झालंय."

या शेवटच्या वाक्यापाशी शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण दुखावलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं, आणि चष्मेवाल्यांनी "झकास" तेवढं ऐकलं.

भरपाईवाल्यांचं ऑफिस एका बंद दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद आणि थंडगार. आत एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती. कुठे वेताची, कुठे मखमली, कुठे न्हाव्याकडे असते तशी गोल फिरणारी. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. खुर्च्यांवर माणसं बसली होती. मफलर गुंडाळलेले एक आजोबा, हातात काठी घेतलेले एक लठ्ठ गृहस्थ, शेंगा सोलणारी एक म्हातारी. आपला नंबर यांच्यानंतर, असं समजून चष्मेवाले बसायला गेले तेव्हा आजोबांनी प्रेमाने सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही इथलेच."

भरपाईवाले राखाडी कोटातले सडपातळ गृहस्थ होते. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. पायऱ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज झाला नाही. आल्या आल्या त्यांनी भिंतीला कान लावला आणि आतून कोणी काही सांगत असावं तसे मान हलवत राहिले. कॅशियरकाका अर्थातच हजर होते. बायको चहा करायला आत गेली होती.

"आता इथल्या कशालाही हात लावायचा नाही," भरपाईवाले म्हणाले. "छत पडण्याआधी खोलीत काय होतं ते तुम्ही सांगायचं. मी ऐकणार."

"लिहून घेत नाही तुम्ही?"

"नाही. लिहिलेलं खोडता येतं." त्यांनी डोळे मिटले. "तुम्ही सांगाल ते होतं. नाही सांगाल ते नव्हतं."

ही त्यांच्या धंद्यातली बोलायची पद्धत असेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं. त्यांनी घसा साफ केला आणि सोफ्यापासून सुरुवात केली. सोफा होता. टीपॉय होता. तिथपर्यंत सगळं खरं चाललं होतं. पण मग कानात पुन्हा "एवढंच सामान?" वाजलं आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "कपाट. शिसवी. काचेच्या दारांचं."

भरपाईवाल्यांनी मान हलवली. कोणी मान हलवली की चष्मेवाल्यांना पुढे बोलायचा धीर येत असे. कपाटाला नक्षी आली. भिंतीवर पितळी लंबकाचं, ठणठण टोले देणारं घड्याळ लागलं.

"कपाट कोणाचं?"

चष्मेवाले अडखळले. कॅशियरकाकांनी कानात कुजबुज केली, "वारशाचं म्हणू नका, कागद मागतील. जिवंत माणसाचं सांगा."

"आत्याचं," चष्मेवाले म्हणाले.

"आत्या कुठे असतात?"

"वर. वरच्या खोलीत."

"आणि खिडकीजवळ काय होतं?"

इथे सांगायला हवं की चष्मेवाले मशीन विसरले नव्हते. चांगली आठवत होती. पण एका वर्षी गटारासाठी रस्ता खणला तो खणलेलाच राहिला, दुकानापुढे खंदक झाला आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. त्या वर्षी घर चाललं ते बायकोच्या शिवणावर. गल्लीतले पडदे, उशांचे अभ्रे, मुलींचे फ्रॉक, सगळं ती शिवत होती. आणि चष्मेवाले गल्लीभर सांगत होते, "तिला हौस आहे हो, रिकामं बसवत नाही तिला." कॅशियरकाकांना तर त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांचा स्वतःचाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता. तेच कॅशियरकाका आता मांडीला मांडी लावून बसले होते. त्यांच्यासमोर मशीनची भरपाई मागायची, म्हणजे ती मशीन पोटापाण्याची होती असं म्हटल्यासारखं होणार. मशीनचं शेवटी, एकटं गाठून सांगू, असं त्यांनी ठरवलं.

"खिडकीजवळ आत्याची खुर्ची," ते म्हणाले. "उंच पाठीची. उजेडात बसायला आवडतं तिला."

भरपाईवाल्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. "दुसरं काही नव्हतं तिथे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? माझं घर आहे!"

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भरपाईवाले उठले, चहाला नको म्हणाले आणि ज्या निःशब्दपणे आले तसेच गेले. एकटं गाठायचं राहूनच गेलं.

"मशीन का नाही सांगितलीत?" बायकोने विचारलं.

"अगं, आधी मोठ्या वस्तू. मशीनचं सांगतो की सावकाश."

"आणि ही आत्या कोण?"

"ती बोलण्यापुरती."

"नाव काय तिचं?"

"आत्याला नाव कशाला लागतं?" चष्मेवाले म्हणाले आणि हसले. बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीच्या फरशीवर चार खोल खड्डे दिसले. वर्षानुवर्षं एखादं जड कपाट उभं असावं, तसे. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खड्डे तसेच. दुपारी रिकाम्या भिंतीतून टोले ऐकू आले. जिथून आवाज येत होता तिथे रंग उडालेला एक गोल डाग होता, आणि तो काल नव्हता. मग एक दिवस प्लास्टरच्या ढिगाखाली काचेच्या दारांचे तुकडे चमकू लागले, शिसवी लाकडाचा एक नक्षीदार कोपरा वर आला. नक्षी हुबेहूब त्यांनी सांगितली तशीच होती. आपण सांगताना इतकी नक्षी घालायला नको होती, असं त्यांना वाटून गेलं.

खिडकीजवळ उंच पाठीची खुर्ची होती. एक हात मोडलेला, अंगावर चिखल. मशीन नव्हती.

"मशीन कुठे हलवलीस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला हलवू? हात लावायचा नाही ना कशाला?" बायको म्हणाली. मग ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, ओठांवर आलेला शब्द सापडत नाही तेव्हा माणूस बघतो तशी.

आणि वरून खोकला ऐकू आला.

चष्मेवाले जिना चढले ते दर पायरीला स्वतःची समजूत घालत. वरच्या खोलीत मोडके खोके आणि तो फुटका पाइप याशिवाय काही नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दार लोटलं तर बामचा वास आला. खोके भिंतीकडे नीट रचलेले होते, मधे पलंग होता आणि पलंगावर पाय खाली सोडून एक धिप्पाड म्हातारी बसली होती.

"आलास?" ती म्हणाली. "चहा कुठाय? आणि हा पाइप अजून गळतोय, माझ्या सपाता भिजल्या. घरात पुरुष माणूस असून उपयोग काय?"

चष्मेवाले खाली आले. "वर... वर कोणीतरी आहे."

"आत्या आहेत. दुसरं कोण असणार?" बायको म्हणाली आणि तिसऱ्या कपात चहा ओतू लागली.

आता यात दाद मागावी तरी कुठे? पोलिसांत जाऊन "घरात आत्या सापडली" म्हणून सांगायचं? कॅशियरकाकांकडे गेले तर ते म्हणाले, "आत्यांची तब्येत कशी आहे? लहानपणी माझा कान पिळला होता त्यांनी, अजून दुखतो," आणि खरोखरच कान चोळू लागले. चष्मेवाल्यांनी आत्याला उलटसुलट प्रश्न विचारून पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. त्यांनी शाळेत कोणाचा डबा चोरला तेही माहीत होतं. "तुझा बाप माझ्याहून लहान, आणि त्याची अक्कल त्याच्याहून लहान," ती म्हणाली. हे मात्र खरंच आत्याने म्हणावं असं होतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. बायको खूश होती. तिला दिवसभर बोलायला माणूस मिळालं होतं. दोघी खिडकीजवळ बसत, आत्या मोडक्या खुर्चीत आणि बायको खाली चटईवर, आणि चष्मेवाले आले की दोघी एकदम गप्प होत.

आत्याला जवळचं दिसत नसे, म्हणून एका संध्याकाळी ते तिला दुकानात घेऊन गेले. डोळे तपासायच्या यंत्रासमोर बसवलं, दिवा लावला आणि तिच्या डोळ्यात पाहिलं. एवढ्या वर्षांत हजारो डोळ्यांत त्यांनी पाहिलं होतं. आत्याच्या डोळ्याच्या तळाशी शिरा नव्हत्या. तिथे त्यांची पुढची खोली होती, नखाएवढी, कोरडी, छत शाबूत. कपाट होतं, घड्याळाचा लंबक हलत होता, खिडकीजवळ खुर्ची होती. त्यांनी यंत्र हळूच बाजूला सरकवून खुर्चीमागे बघायचा प्रयत्न केला. मशीन कुठेच नव्हती. खोलीत ते स्वतः उभे होते आणि तोंड उघडं टाकून काहीतरी सांगत होते.

"दिसलं का काही?" आत्याने विचारलं.

"वाचायचा नंबर आहे," चष्मेवाले कसेबसे म्हणाले, आणि चष्मा बनवायला घेतला. शेवटी धंदा तो धंदा.

चष्मा आला आणि आत्याची नवीन तक्रार सुरू झाली. "ठेवू कुठे हा? बायकांच्या कपड्यांना एक खिसा म्हणून नसतो. दहा वेळा जिना चढते मी याच्यापायी."

बायको चटईवर बसून हळहळली. "खरंच हो आत्या. मला शिवता येत असतं ना, तर छान ढगळ जाकीट शिवून दिलं असतं तुम्हाला. मोठ्या खिशाचं."

चष्मेवाल्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"तुला शिवता येत नाही?"

"मला कधी येत होतं?" ती म्हणाली, आणि आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याजवळचं बोट दुसऱ्या बोटावर घासत होतं, न दिसणारा दोरा चाचपल्यासारखं. "आईला यायचं म्हणे. माझ्या नशिबात नव्हतं."

त्या दिवशी चष्मेवाल्यांना भीती वाटली, पहिल्यांदा खरी भीती. आत्या घरात अवतरली तेव्हाही इतकी वाटली नव्हती. आत्या नको होती आणि आली, हे एक वेळ चालेल. पण बायको एक वर्ष वाकून वाकून पाठ मोडेस्तोवर शिवत बसली होती, आणि तिच्यापुरतं ते वर्षच पुसलं गेलं होतं. आणि पुसलं होतं ते त्यांच्याच एका वाक्याने.

आणि मग गल्लीत उसवायला सुरुवात झाली. आधी कॅशियरकाकांच्या खिडकीचे पडदे शिवणीतून सुटून पट्ट्या पट्ट्या झाले. कोणाच्या उशीचा अभ्रा फाटून कापूस घरभर उडाला. शाळेच्या वाटेवर एका मुलीच्या फ्रॉकची बाही अलगद निसटली आणि ती रडत घरी परतली. जे जे बायकोने शिवलं होतं ते ते टाका टाका करून सुटत होतं, कारण ते कधी शिवलंच गेलं नव्हतं. चष्मेवाले हे सगळं समजून दुकानात उभे होते आणि समोर एक खडूस हेडमास्तरीण फ्रेम निवडत होती. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगातली पँटही बायकोनेच शिवलेली आहे.

ती एकदम सुटली. हेडमास्तरीणबाईंनी हातातली फ्रेम डोळ्यांना लावली, नीट पाहिलं, फ्रेम परत ठेवली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या दुकानात बघते."

कमरेला काउंटरवरचं हिरवं कापड गुंडाळून चष्मेवाले भरपाईवाल्यांकडे निघाले. भर बाजारातून. लोक हसत होते, पण त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि हेच त्यांना नवीन होतं.

"एक गोष्ट सांगायची राहिली," ते धापा टाकत म्हणाले. "खिडकीजवळ मशीन होती. माझ्या बायकोची."

"खिडकीजवळ खुर्ची आहे," भरपाईवाले शांतपणे म्हणाले.

"ती काढा!"

"खुर्चीत माणूस आहे."

"अहो, पण ती आत्या खोटी आहे!"

खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. मफलरवाले आजोबा थोडे दुखावून म्हणाले, "असं तोंडावर बोलू नये हो. आमच्याही नातवाने कंपनीला सांगितलं होतं, आजोबांचा सागवानी पलंग होता म्हणून. त्याला आजोबाच नव्हते." काठीवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. "मी एका बंगल्यातला मामा. बंगला कसला, दोन खोल्या." शेंगा सोलणारी म्हातारी नुसती हसली.

भरपाईवाल्यांचा हिस्सा म्हणजे काय, हे चष्मेवाल्यांना आता समोर बसलेलं दिसत होतं.

"मी तुमच्या बाजूने बोलतो," भरपाईवाले म्हणाले, "पण तुम्ही बोललात तेच बोलतो. उद्या कंपनीचा माणूस पुन्हा पाहायला येतोय. त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर, दुसरं काही सांगायचं असेल तर सांगा. मात्र अर्धं सांगून चालत नाही. वस्तू होती एवढं पुरत नाही. आधी का लपवली, तेही सांगावं लागतं. नाहीतर ती येत नाही."

"सगळ्यांसमोर? कॅशियरकाकांसमोर?"

"त्यांच्यासमोर तर खासच."

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत सर्व्हेअर आला तो दारातच थबकला. "अरे वा!" त्याने आपण होऊन बूट काढले. शिसवी लाकडावरून हात फिरवला, पितळी लंबक उचलून पाहिला. "हे मागच्या वेळी माझ्या नजरेतून सुटलं कसं? सगळं धरू. पूर्ण धरू." कॅशियरकाकांनी आनंदाने बोट ओलं केलं. दारात अर्धी गल्ली उभी होती, कोणी सेफ्टी पिना लावलेली, कोणी चादर पांघरलेली. आत्या खुर्चीत चष्मा लावून बसली होती आणि बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो "अरे वा!" चष्मेवाल्यांना मिळाला होता. गप्प बसलं की झालं. नवं छत, नवं कपाट, आणि गल्लीत मान. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचं बोट अजून तो न दिसणारा दोरा चाचपत होतं.

"हे कपाट माझं नाही," चष्मेवाले म्हणाले. मग पुन्हा मोठ्याने म्हणाले, "घड्याळही नाही. मला आत्या नाही. तिथे खिडकीजवळ हिची शिलाई मशीन होती."

"मग आधी का नाही सांगितलीत?" सर्व्हेअरने वैतागून विचारलं.

"लाज वाटली." घाम कपाळावरून चष्म्यावर उतरला आणि समोरचे सगळे चेहरे पुसट झाले. त्यामुळे बोलणं जरा सोपं गेलं. "माझं दुकान बंद पडलं होतं. वर्षभर घरात माझा एक पैसा येत नव्हता. ही शिवत होती म्हणून आम्ही दोन वेळ जेवलो. आणि मी सगळ्यांना सांगत होतो की हिला हौस आहे."

"म्हणजे इतकी वर्षं हौस हौस म्हणत होतात ते..." कॅशियरकाका म्हणाले.

"हौस नव्हती, काका. आमची चूल तिच्या पायांवर चालत होती."

कोणी हसलं नाही. भिंतीतलं घड्याळ एक टोला देता देता अर्ध्यावर थांबलं. आत्याने चष्मा काढला, ठेवायला खिसा शोधला, सापडला नाही म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"उठते बाई. जागा तिची आहे."

"आत्या, कुठे निघालात?" बायकोने तिचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चहा तरी घ्या."

"पुन्हा कधीतरी," आत्या म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग चष्मेवाल्यांकडे वळली. "आणि तू. पुढच्या वेळी थाप मारशील तर जरा गोड बोलणारी बाई सांग. मलाच कंटाळा आला होता माझा."

दारातली माणसं बाजूला झाली. भरपाईवाल्यांनी राखाडी कोटाचा हात पुढे केला, आत्याने तो धरला. "पायऱ्या सांभाळा," ते मऊ आवाजात म्हणाले. पायऱ्यांवर दोघांपैकी कोणाच्याच पावलांचा आवाज झाला नाही.

सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा खिडकीजवळ चिखलात मशीन होती. चाक वाकडं, फळी दुभंगलेली. सर्व्हेअरने बूट घातले, "ही भंगारातच," म्हणाला आणि निघून गेला. भरपाई आली ती पहिल्याइतकीच, प्लास्टरच्या कोपऱ्यापुरती. मशीन मात्र चष्मेवाल्यांनी स्वतः दुरुस्त केली. दुकान बंद केलं की फ्रेमचे बारीक स्क्रू, नाजूक पेचकस आणि तेलाची बाटली घेऊन ते मशीनपुढे मांडी घालून बसत, आणि कोणी विचारलं तर सांगत, "बायकोच्या कामाची आहे." कॅशियरकाका रोज येऊन दोन सल्ले देऊन जात. त्यांचे पडदे पुन्हा शिवायचे होते, म्हणजे ते निरपेक्ष नव्हते.

आत्या कोणालाच आठवत नव्हती. कॅशियरकाकांचा कान दुखायचा थांबला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला कुठे आत्या आहे?"

मशीन चालू झाली आणि तिने सगळ्यांत आधी एक जाकीट शिवायला घेतलं. गल्लीतले पडदे बाजूला ठेवून. माप कोणाचंच घेतलं नव्हतं, पण कात्री कुठे अडखळत नव्हती. चांगलं रुंद, ढगळ, आणि पुढे एक मोठा खिसा.

"खिसा एवढा मोठा?" चष्मेवाल्यांनी जपून विचारलं.

"चष्मा मावायला नको का?" ती म्हणाली, आणि चाकावरचा तिचा हात थांबला. मग तिने पुन्हा पाय चालवले.

जाकीट दाराजवळच्या खुंटीला लागलं. चष्मेवाल्यांनी कट्ट्यावरचा तो वाचायचा चष्मा नीट पुसला, डबीत घालून जाकिटाच्या खिशात ठेवला. दिवस गेले. एका संध्याकाळी ते दुकानातून आले तेव्हा जिन्यात बामचा वास रेंगाळत होता आणि खुंटी रिकामी होती.

बायको मशीनवर बसली होती. तिनेही खुंटीकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "बसलं असेल ना अंगाला?"

"बसलं असणार," चष्मेवाले म्हणाले. "तुझ्या हातचं आहे."

ती समाधानाने हसली आणि कॅशियरकाकांचा पडदा सुईखाली ओढला. कोणाच्या अंगाला, ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही.